सिनॅप्टोटॅग्मिन आणि सासूबाई

४ जानेवारी

आजपासून संशोधन संस्थेतली ही खोली माझी. दुसरा मजला, लिफ्टच्या मागे. कालपर्यंत इथे मोडक्या खुर्च्या ठेवायचे. खिडकी एकच, तीही समोरच्या भिंतीकडे तोंड करून. पण दारावर माझ्या नावाची पाटी लागली आणि ती सरळ आहे की नाही हे मी पुन्हा पुन्हा मागे सरकून पाहिलं. संचालकबाई म्हणाल्या, "मार्चमध्ये समितीपुढे काहीतरी ठोस दाखव. दाखवलंस तर खोली तुझी, नाहीतर खुर्च्यांची." मी म्हटलं, खुर्च्यांना निरोप द्या, परत यायची घाई करू नका.

नवऱ्याला फोनवर सगळं पुन्हा समजावलं. तो पूल बांधतो, सध्या महिनोन्‌महिने नदीकाठी तंबूत असतो, त्यामुळे त्याला ऐकायला वेळ असतो. मज्जापेशीच्या टोकाशी चिमुकल्या पिशव्या असतात. त्यांत निरोप भरलेला असतो. पिशवीच्या पातळ पडद्यात एक प्रथिन रुतून बसलेलं असतं, त्याचं नाव सिनॅप्टोटॅग्मिन. त्याला दोन हात. पेशीची दारं उघडून कॅल्शियम आत आलं की हे हात ते पकडतात, आणि पिशवी फुटून निरोप पलीकडच्या पेशीला मिळतो. बोट हलतं, पापणी लवते, राग येतो, सगळं यामुळे.

"आणि ही सतरा भावंडं आहेत," मी म्हटलं. "त्यांतली काही कॅल्शियम पकडतच नाहीत. नुसती घरात असतात."

"आमच्या घराण्यासारखंच," तो म्हणाला.

माझा सगळा डाव सातव्या भावंडावर आहे. पहिलं तापट. हाक आली की लगेच धावतं. सातवं सावकाश आहे, पण आधीची हाक विसरत नाही. म्हणून काही पेशी पहिल्या हाकेला थंड असतात आणि लागोपाठ हाका मारल्या की चढत्या जोराने उत्तर देतात. हे सातव्यामुळेच होतं, आणि नेमकं कसं होतं, ते मी दाखवणार आहे. दाखवेनच.

९ जानेवारी

सासूबाई राहायला आल्या. "तुम्ही दोघी एकमेकींना सोबत," ही नवऱ्याची कल्पना. पूल बांधणाऱ्याला वाटतं, दोन काठ जवळ आणले की झालं.

बाईंनी आयुष्यभर नगरपालिकेच्या तलावावर पोहायला शिकवलं. अर्धं शहर त्यांच्या शिट्टीवर पाण्यात उतरलेलं आहे. शिट्टी निवृत्त झाली, आवाज नाही. मी दात घासत असते आणि तीन भिंतींपलीकडून येतं, "नळ वाहतोय गं, बाईसाहेब!"

पण एक गोष्ट लक्षात आली. एकदा खुर्चीत बसल्या की उठायचं नाव नाही. दाराची बेल वाजली की मी. दूध उतू चाललं की मी. स्वतः उठायचं झालं तर दोन्ही हात टेकून, "आई गं" करून असा सोहळा करतात की बघणाऱ्याला अपराधी वाटावं. आणि उठल्यावर? गच्चीवर कुंड्या बघायला म्हणून जिना चढून जातात, आणि खाली येताना चाल चांगली झपझप. मी मनात म्हटलं, वा.

१७ जानेवारी

मांडणी पूर्ण. पेशी नीट वाढताहेत. काचेची बारीक सुई पेशीला लावून वीज मोजायचं काम ज्याच्याकडे आहे त्याला सगळे घड्याळ म्हणतात. आधी मागे म्हणायचे, आता तोंडावर. नऊ म्हणजे नऊ, पाच म्हणजे पाच. त्याने माझी खोली पाहिली आणि म्हणाला, "खिडकीतून काही दिसत नाही ते बरं. लक्ष विचलित होणार नाही." त्याच्याकडून हे कौतुक समजायचं.

घरी: मुरंब्याची बरणी. सासूबाईंनी झाकण फिरवलं, हललं नाही. पुन्हा, नाही. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "थांब, सुरुवातीला असंच होतं," आणि दोन-तीन झटक्यांनंतर झाकण असं उघडलं की मुरंबा ओट्यावर. म्हणजे ताकद आहे. इच्छा हवी.

खालच्या मजल्यावरचं कोणीतरी गच्चीत सिगारेट ओढतं. कुंड्यांपाशी वास असतो. मी जिन्यातल्या फळ्यावर चिठ्ठी लावली: गच्ची सर्वांची आहे, धूर नको. सासूबाईंनी चिठ्ठी वाचली आणि म्हणाल्या, "जाऊ दे गं. असेल कोणी बिचारा म्हातारा." आणि तोंडात पेपरमिंटची गोळी टाकली. हल्ली तोंड सारखं सुकतं म्हणतात, दिवसभर गोळ्या चालू असतात. इतरांबद्दल एवढी दया आहे, थोडी माझ्या वाट्याला आली तर बरं होईल.

२ फेब्रुवारी

आली! रेघ आली!

साध्या पेशींना लागोपाठ दहा हाका (विजेचे टिचके) दिल्या: रेघेवरची पहिली टेकडी बुटकी, मग चढत चढत दहावी चांगली उंच. सातवं भावंड काढून टाकलेल्या पेशींना त्याच दहा हाका दिल्या: दहाही टेकड्या सारख्याच बुटक्या. चढ गायब. घड्याळ पडद्याकडे बघत म्हणाला, "एका दिवसाच्या निकालावर नाचायचं नसतं." मग स्वतःच खुर्चीवर गोल फिरला.

आता सातव्याच्या हाताचा तो कोपरा बदलायचा जिथे कॅल्शियम बसतं. माझा अंदाज आहे की प्रथिन जागेवर असूनही चढ जाईल. तसं झालं तर समितीला दुसरं काही दाखवायची गरज नाही.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं हे कबूल करायला हवं. विचारलं, "म्हणजे पहिल्यांदा जमत नाही, आणि रेटत राहिलं की जमतं?"

"बरोब्बर!"

"हं," म्हणाल्या आणि आपल्या गुडघ्यांकडे बघत बसल्या. मला वाटलं, आणखी काही विचारतील. पण शास्त्राची गोडी सगळ्यांना नसते.

११ फेब्रुवारी

आज भांडण झालं. लिहून टाकते म्हणजे डोकं शांत होईल.

मी दमून आले. चहाचा कप त्यांच्याच हाताशी होता, तरी मला म्हणाल्या, "जरा आत ठेवतेस?" मी म्हटलं, "आई, गच्चीत जायचं असलं की तुमचे पाय चालतात. स्वयंपाकघरात जायचं असलं की चालत नाहीत. हवं तेव्हा चालणारे पाय मी पहिल्यांदाच बघतेय."

मला वाटलं होतं, शिट्टी वाजेल. पण त्यांनी कप उचलून मांडीवर ठेवला आणि धरून बसल्या.

थोडं जास्त झालं असेल. पण खोटं काय होतं त्यात?

१९ फेब्रुवारी

अबोला. आणि अबोल्याचा नवा प्रकार: बाई आता बसतच नाहीत. मी सकाळी उठते तेव्हा ओट्याला टेकून उभ्या. चहा उभ्याने. संध्याकाळी येते तर खिडकीशी उभ्या. जेवणसुद्धा, "मला भूक नाही, तू घे," म्हणून भिंतीला पाठ लावून. मी झोपायला गेले की मग खुर्ची करकरल्याचा आवाज येतो. एवढा राग! माझ्यासमोर बसायचं नाही म्हणजे नाही.

पोहायलाही जात नाहीत. पाणी गार आहे म्हणे. आणि घरी कढत पाण्याने आंघोळ केली की बाहेर येताना चेहरा पांढरा. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आई आणि पाणी गार आहे म्हणून नाही? काहीतरीच." मी म्हटलं, वय झालं रे. माणसं बदलतात.

२७ फेब्रुवारी

घाईत लिहितेय, अक्षर वाकडं येईल.

सकाळी न्हाणीघरातून आवाज आला. कडी लावलेली नव्हती. सासूबाई टॉवेल गुंडाळून भिंतीशी खाली बसलेल्या, सगळीकडे वाफ. "घसरले नाही," म्हणाल्या. "पाय गेले. आपले आपण गेले."

मी हात दिला. त्यांनी धरला. पकड म्हणजे ओलं फडकं. ज्या हाताने बुडती पोरं ओढून काढली तो हात. मी ओढायला लागले, त्या धरून राहिल्या, आणि मग माझ्या हातात काहीतरी व्हायला लागलं. पकड वाढत गेली. एक, दोन, तीन, हळूहळू, एकसारखी चढत. शेवटी बोटं दुखायला लागली.

मला ती चढण ओळखीची होती. गेला महिनाभर मी रोज तीच बघत होते.

"आई, सोडा. आता पुन्हा धरा. जोरात."

"अगं, आधी मला उठव, मग खेळ!"

"एकदाच. धरा आणि सोडू नका."

पुन्हा तेच. आधी फडकं, मग पक्कड. मी तिथेच ओल्या फरशीवर बसले.

त्यांना अंग पुसून पलंगावर बसवलं. लाकडी पळीच्या दांड्याने गुडघ्याखाली टिचकी मारली. पाय ढिम्म. मग म्हटलं, पाय ताठ करा, माझ्या हाताला जोर लावा, दहा म्हणेपर्यंत. मग पुन्हा टिचकी. पाय उडाला.

"लाथ बसली असती तर म्हणाली असतीस, मुद्दाम," सासूबाई म्हणाल्या. भांडणानंतरचं माझ्याशी बोललेलं सगळ्यात लांब वाक्य.

नसेकडून स्नायूकडे निरोप नीट जात नाही. पहिल्या हाकेला पिशव्या फुटत नाहीत, रेटलं की फुटतात. बसून उठताना पाय नाहीत, जिना चढला की आहेत. तोंड सुकतं. कढत पाण्याने वाढतं. सगळं माझ्या डोळ्यांपुढे होतं आणि मी त्याला नाटक म्हणत होते.

"कधीपासून आहे हे?"

"दिवाणावरून उठताना पहिल्यांदा झालं ते... तुझ्याकडे यायच्या आधीच. मला वाटलं, वय."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगणारच होते. तू म्हणालीस, हवं तेव्हा चालतात. मी विचार केला, खरंच तसंच तर आहे. मग माझं मलाच वाटायला लागलं, मी नाटक करतेय की काय."

५ मार्च

मज्जातंतूंच्या डॉक्टर. उंच बाई, कमी बोलणाऱ्या. मी माझं निदान घडाघडा सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "तुम्ही जरा त्या खुर्चीवर बसा." मग हातावर पट्ट्या लावून विजेचा टिचका दिला. पडद्यावर बुटकी टेकडी. दहा सेकंद स्नायू आवळायला लावला आणि पुन्हा टिचका. टेकडी तिप्पट उंच झाली. मला टाळी वाजवावीशी वाटली आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

"तुमचं बरोबर आहे," डॉक्टर म्हणाल्या. मग सासूबाईंकडे वळल्या. "सिगारेट?"

मी म्हटलं, "छे, छे."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे. "दिवसाला दोन. कधी पाच."

कुंड्या! पेपरमिंट! मी फळ्यावर लावलेली ती चिठ्ठी! दवाखान्यातून नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "तुला माहीत नव्हतं? मी शाळेत होतो तेव्हापासून." म्हणजे घरात एकच शास्त्रज्ञ, आणि तिलाच माहीत नाही.

डॉक्टरांनी पुढचं सांगितलं तेव्हा हसू गेलं. या आजारात शरीर स्वतःच्याच नसांवर हल्ला करतं. पेशीची कॅल्शियमची दारं बंद पाडतं. म्हणजे माझी सगळी भावंडं धडधाकट आहेत, हात पसरून बसली आहेत, पण त्यांच्यापर्यंत कॅल्शियम पोचतच नाही. आणि शरीर असं का करतं? बऱ्याचदा फुप्फुसात एखादी गाठ असते, तिच्या अंगावर अगदी तशीच दारं असतात. शरीर गाठीशी लढायला जातं आणि वाटेत नसाही झोडपून काढतं. गाठ प्रत्येकात नसते. पण सिगारेट ओढणाऱ्यांत पुष्कळदा असते.

सोमवारी छातीचा स्कॅन. सोमवारीच माझी समिती.

९ मार्च

सकाळी मी ठरवलं होतं, समितीला फोन करून दिवस बदलून घ्यायचा. सासूबाईंनी फोन काढून घेतला. "मला काय करायचंय तिथे? यंत्रात पडून राहायचं. ते मला शिकवायला तू कशाला? रिक्षा सांग आणि जा." डोळ्यांत जुनी शिट्टी. मी गेले.

आणि काय बोलले मी आज! सातव्याच्या हाताचा कोपरा बदलला की प्रथिन जागेवर असूनही चढ जातो, हे आम्ही चार वेगवेगळ्या वेळी पाहिलं होतं. समितीतले एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ म्हणाले, "पण सहावं भावंड हे करत नसेल कशावरून?" माझ्याकडे त्याचीही रेघ होती. घड्याळने मागून शाबासकीचा अंगठा वर केला. संचालकबाईंनी जाताना एवढंच विचारलं, "भिंतीला कोणता रंग हवा?"

घरी उडत आले. सासूबाई दिवाणावर होत्या. म्हटलं, अहवाल? "उद्या सांगतील," म्हणाल्या. मग मला पूर्ण भाषण पुन्हा करायला लावलं, मिशीवाल्या गृहस्थांसकट. ऐकताना माझ्याकडे बघत होत्या, लॅपटॉपवरच्या चित्रांकडे नाही. जेवताना माझ्या ताटात स्वतःच्या वाटचं अंडं घातलं. मग एकदम म्हणाल्या, "तुला पोहता येत नाही ना? हे चुकलंच. मी शिकवायला हवं होतं."

"शिकवा की अजून."

"हो," म्हणाल्या. आणि त्याला फोन लावून दे म्हणाल्या. लेकाशी त्या पुलाबद्दलच बोलल्या, खांब किती झाले, पाणी किती आहे. शेवटी म्हणाल्या, "जेवतोस ना नीट?" हे त्या कधी विचारत नाहीत.

फार थकल्यात आज, लवकर पडल्या. मी मात्र अजून हसतेय. एवढा चांगला दिवस कितीतरी दिवसांत आला नव्हता.

१० मार्च

दुपारी डॉक्टरांचा फोन आला. "काल मी तुमच्या सासूबाईंना सांगितलंय. पुढच्या तपासणीसाठी तुम्ही दोघी कधी येताय?"

काल सांगितलंय.

मी घरी गेले. त्या खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या, बऱ्याच दिवसांनी माझ्यासमोर बसलेल्या. मी काही विचारायच्या आधी म्हणाल्या, "काल तुझा दिवस होता."

मी ओरडले. काय काय बोलले ते लिहीत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "झालं? आता नाक पूस आणि त्याला फोन कर. मला त्याच्याशी बोलताना रडू येईल. तू कर."

गाठ आहे. लहान, एका बाजूला, अजून लांब पसरलेली नाही. डॉक्टर म्हणाल्या, "अशी गाठ या वेळी सहसा सापडत नाही. खोकला येईपर्यंत उशीर झालेला असतो. तुमच्या सासूबाईंच्या पायांनी आधीच चुगली केली."

२३ मार्च

नवरा आला. आईच्या पायाशी बसला आणि बराच वेळ तिच्या घोट्याला धरून राहिला. ती म्हणाली, "पुलाचं काय?" तो म्हणाला, "पूल कुठे पळतोय?"

पायांसाठी गोळी सुरू झाली. तिचं काम इतकं सुरेख आहे की मी ते घरातल्या सगळ्यांना समजावलं, म्हणजे दोघांना. नसेतली विजेची लाट ती गोळी थोडी लांबवते. लाट लांबली की उरलीसुरली दारं जास्त वेळ उघडी राहतात, कॅल्शियम पुरेसं आत येतं, भावंडांचे हात भरतात. तासाभरात सासूबाई खुर्चीतून उठल्या. हात न टेकता. मग पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. नवरा म्हणाला, "आई, पुरे." त्या म्हणाल्या, "तू गप. माझे पाय आहेत."

गाठीवरचं औषध परवापासून. सोबत किरणांचे उपचारही. सिगारेटचं पाकीट त्यांनी स्वतः माझ्या हातात दिलं. "तुझ्या त्या फळ्यावर टाचून ठेव," म्हणाल्या.

१६ एप्रिल

भिंती फिक्या हिरव्या झाल्या. पाटी कायमची झाली. सातव्यावरचा लेख लिहायला घेतलाय. मला हे सगळं आनंदाने लिहायचं होतं.

केस गेले. सासूबाई म्हणाल्या, पोहणाऱ्याला बरंच, टोपी लागत नाही. ते ठीक होतं. पण आज दुसऱ्या फेरीनंतर उलट्या थांबेचनात, आणि दुपारी भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "आता पुरे गं. एवढं कशासाठी?"

मला बोलता येतं. समितीपुढे, डॉक्टरांपुढे, कुठेही येतं. मी म्हटलं, "आई, ज्यांना गाठीबरोबर हा नसांचा आजार असतो ती माणसं इतरांपेक्षा जास्त तग धरतात. मी वाचलंय. कारण शरीर आधीपासूनच लढत असतं. आकडे आहेत."

"आकडे नकोत."

"मग काय हवंय?"

"पाठ चोळ जरा."

मी चोळली. झोपल्या. मला शंका येतेय की मला अजून यातलं फार थोडं कळतं. पण पाठ चोळता येते.

१४ मे

शेवटची फेरी झाली. खाणं सुरू. आवाज परत आलाय: आज नळाबद्दल बोलल्या. नवऱ्याने आणि मी एकमेकांकडे पाहिलं, आणि तो नळ मुद्दाम आणखी थोडा वेळ चालू ठेवला.

जेवताना सासूबाईंनी विचारलं, "माझं रक्त एवढं काढलं सगळ्यांनी, तुझ्या पेशींना नको का थोडं? तेच तर दारं बंद करतंय ना?"

माझ्या हातातला घास तसाच राहिला. हे मला सुचलं होतं. मार्चमध्येच. मी विचारणार नव्हते.

"तुम्हाला चालेल?"

"अगं, आयुष्यभर लोकांना पाण्यात ढकललंय. रक्ताला घाबरू?"

डॉक्टरांकडे उपचाराआधीचं रक्त गोठवून ठेवलेलं आहे. सासूबाईंची संमती, संस्थेच्या परवानग्या, सह्या, सगळं रीतसर करायचं. घड्याळ म्हणाला, बाटल्यांवर नुसते आकडे असतील आणि कोणती कोणाची हे आम्हा दोघांनाही शेवटपर्यंत कळणार नाही. तो बरोबर आहे. मला फसवायला माझ्याइतकं कोणी तयार नसतं.

११ जून

सकाळी स्कॅन, दुपारी प्रयोग. नवरा आईबरोबर दवाखान्यात गेला. मलाही जायचं होतं, पण या वेळी मला पाठवायला शिट्टीही लागली नाही. त्या नुसत्या दाराकडे बोट दाखवून उभ्या राहिल्या.

चार बाटल्या. तीन निरोगी माणसांच्या, एक त्यांची. कालपासून पेशी त्या चार रक्तद्रवांत भिजत होत्या. घड्याळने पहिलीपासून सुरुवात केली. हाका दिल्या, टेकड्या आल्या, नेहमीच्या. दुसरी, तशीच. तिसरीला पहिली हाक दिली आणि रेघ जवळजवळ हललीच नाही. दुसऱ्या हाकेला थोडीशी. मग चढायला लागली. घड्याळ मान वाकडी करून बघत राहिला. "ही कोण बाई आहे?" म्हणाला. "की बुवा? फार हट्टी रक्त आहे."

बाई आहे, हे मला यादी उघडायच्या आधी माहीत होतं. तरी आम्ही चौथी बाटली पूर्ण केली, सगळं तीनदा केलं, मग यादी उघडली. तिसरीच.

मी पडद्यासमोर बसून राहिले. पहिली रेघ जवळजवळ सपाट. हीच ती दिवाणावरून न उठणारी सकाळ, हाच तो मांडीवर धरलेला कप. आणि ज्याने हे केलं तेच रक्त तिकडे गाठीवरही धावून गेलं होतं, आम्हाला कुणाला काही कळायच्या कितीतरी आधी, एकटं, कोणाला न सांगता. मला त्या सपाट रेघेचा राग यावा की तिला नमस्कार करावा, ते ठरवता येईना. घड्याळ उठून बाहेर गेला आणि दार लावून घेतलं. पाच वाजले नव्हते.

तेवढ्यात फोन वाजला. नवरा. त्याला बोलता येत नव्हतं. मी खुर्चीतून उठले, मग कळलं की तो हसतोय. गाठीच्या जागी आता फक्त एक बारीक व्रण दिसतोय. डॉक्टर म्हणाल्या, दर तीन महिन्यांनी बघत राहू, आज मात्र घरी जा. मागून आवाज आला, "दे इकडे फोन."

"आई," मी म्हटलं, "आत्ताच तुमचं रक्त बघितलं."

"मग? कसं आहे?"

"भांडखोर."

सासूबाई म्हणाल्या, "मग तुला ओळखायला एवढा वेळ का लागला?"